नीरेची पहिली ओंजळ

मी कॉलेजात शिकलो, घरातला पहिला पदवीधर झालो, आज एका शाळेत रसायनशास्त्र शिकवतो, हे सगळं एकनाथ दगडू बोरसे या माणसामुळे. त्यांचं नाव मी पहिल्याच वाक्यात लिहितो आहे, कारण माझ्या कॉलेजच्या अर्जावरच्या सहीखेरीज दुसऱ्या कुठल्या कागदावर ते लिहिलं गेल्याचं मला माहीत नाही. सगळे त्यांना नाना म्हणत. मीही नानाच म्हणायचो.

परवा सकाळी शाळेला निघालो तेव्हा हवेत पहिल्यांदा गारवा जाणवला. तापीच्या पुलाकडे वळताना नीरेची हातगाडी उभी दिसली. सुरतेत थंडी आली की ही गाडी येते. पांढऱ्या फडक्यानं झाकलेला डबा, पाण्यात उपडे घातलेले ग्लास, आणि गळ्याला मफलर गुंडाळलेला गाडीवाला. मला थबकलेला बघून त्यानं ग्लास भरला. "पी लो साहेब, एकदम मीठी छे."

मी ग्लास हातात घेतला आणि तसाच उभा राहिलो. तो हसला. "कोनी राह जुओ छो?" म्हणाला. कोणाची वाट बघताय? त्याला काय सांगणार? नीरेचा पहिला घोट दुसऱ्या कुणीतरी घ्यायचा असतो, आणि त्यानं 'गोड' म्हटल्यावरच आपण ग्लास तोंडाला लावायचा असतो, ही सवय मला लागून आता किती वर्षं झाली! म्हणणारा राहिला नाही. सवय राहिली.

माझे वडील खानदेशातून सुरतेला आले ते यंत्रमागावर. उधन्याच्या एका खोलीत पाळीपाळीनं झोपणारी आठ माणसं होती; एकाची पाळी सुटली की त्याच अंथरुणावर दुसरा. मी तालुक्याच्या गावी मॅट्रिक झालो आणि पत्र्याची पेटी घेऊन त्या खोलीच्या दारात उभा राहिलो, तेव्हा वडिलांना आनंद झाला आणि लगेच त्यांचा चेहरा उतरला. पेटी ठेवायलाही जागा नव्हती. त्यांनी मला तसंच नानांकडे नेलं. नाना नात्याचे नव्हते, फक्त आमच्या गावाकडचे. वडिलांनी बोलायला सुरुवात केली तेवढ्यात नानांनी पेटी उचलून आत ठेवली आणि आपल्या बायकोला, काकींना, हाक मारली, "पोऱ्याले जेवाले वाढ." एवढंच. पुढची चार वर्षं मी त्या घरात राहिलो. कॉलेजच्या अर्जावर पालक म्हणून सही नानांची आहे. वडिलांना सही येत नव्हती, आणि नानांना यायची ती सावकाश, एकेक अक्षर जिभेचं टोक बाहेर काढून.

नानांची जीभ. तिच्याबद्दलच मला लिहायचं आहे.

नाना एका ग्रामोद्योगाच्या संस्थेत कामाला होते. चलथाणच्या बाजूला संस्थेचं नीरेचं केंद्र होतं आणि जवळच तेलाचा लाकडी घाणा. थंडीच्या दिवसांत दर रविवारी संस्था एक बस काढायची. शिक्षक, बँकेतली माणसं, महाराष्ट्रातून बदलून आलेल्या नोकरदारांची कुटुंबं असे चाळीसेक लोक असत. पहाटे नीरा, मग घाण्यावरचं ताजं तेल, दुपारी शेतात पोंक, म्हणजे कोवळ्या ज्वारीचा हुरडा, आणि संध्याकाळी परत. या सहलीचे वाटाडे नाना. बस अंधारात निघायची. साखर कारखान्याजवळ आली की मळीचा जड, गोडसर वास खिडक्यांतून आत शिरायचा, आणि बायका पदर नाकाला लावायच्या.

"नाकं झाकू नका," नाना पुढून ओरडायचे. "आज नाकाचंच काम आहे!"

"नाना, ही नीरा प्यायल्यावर पोलीस तर धरणार नाहीत ना?" हा प्रश्न दर रविवारी कुणीतरी विचारायचंच.

"सूर्य उगवेपर्यंत ती नीरा, बाई. नंतर ती गुन्हा. म्हणून तर तुम्हाला चार वाजता उठवलं."

सगळी बस हसायची. पण त्या हसण्याखाली खरी भीतीही असायची. राज्यात दारूबंदी. ज्या झाडाची नीरा त्याच झाडाची ताडी, मधे फक्त काही तासांची ऊब. घरंदाज माणसं मुलाबाळांना घेऊन ताडाखाली उभी राहत, ती एका माणसाच्या शब्दावर. भीखाभाई झाडावरून उतरायचे. पन्नाशीचे, काटक, कमरेला दोर आणि कोयता. आतून चुना फासलेली मडकी ते ओळीनं मांडायचे. मग नाना चपला काढायचे, ओंजळ पुढे करायचे. भीखाभाई फडक्यातून गाळून तीत नीरा ओतायचे. नाना आधी वास घ्यायचे, मग घोट, मग डोळे मिटून थोडा वेळ थांबायचे. चाळीस माणसं गप्प. आणि मग नाना मोठ्यानं म्हणायचे, "गोड!" त्यानंतर ग्लास फिरायचे. हिवाळ्यात एखाद्या वेळी ते 'गोड' म्हणत नसत. मडकं उचलून झाडाच्या बुंध्याशी ओतून टाकत आणि म्हणत, "आज या झाडाची मर्जी नाही." त्या दिवशी लोकांचा विश्वास दुप्पट व्हायचा.

आणि तेल. तेलाची चव घेतात हे मला नानांनीच शिकवलं. घाण्याचा बैल डोळ्यांना झापडं बांधून फिरत असायचा, लाकूड कुरकुरायचं, आणि लाकडाच्या पन्हळीतून तिळाच्या तेलाची बारीक धार पडायची. नाना पळीनं प्रत्येकाच्या तळहातावर थेंब टाकायचे. "लगेच चाटू नका. बोटानं घोळवा. हाताची ऊब लागू द्या. आता वास घ्या. आता जिभेच्या टोकावर. आणि थांबा. तेल जिभेवर कळत नाही, घशात कळतं." तिळाच्या तेलाला शेवटी एक बारीक कडसरपणा येतो. तो आला की लोकांचे चेहरे बदलायचे, आणि नाना लहान मुलासारखे खूश व्हायचे. शेंगदाण्याच्या तेलात ज्वारीच्या भाकरीचा तुकडा बुडवून द्यायचे. आमच्या घरी तेल म्हणजे बाटलीच्या तळाशी असलेली वस्तू. तिला चव असते, आणि ती चव थांबून घ्यायची असते, हे कळलं तेव्हा आपण एका मोठ्या घरात पाऊल टाकलं असं मला वाटलं होतं.

घरी मात्र नानांच्या जिभेचा काकींना जाच होता. मिठाचा खडा कमी पडला तरी कळायचं. "आज डाळ कोणी रांधली? पाहुणी आली होती का?" असं म्हणायचे. काकी म्हणायच्या, "या माणसाच्या तोंडात तराजू आहे."

मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला असताना पावसाळ्यात नानांना विषमज्वर झाला. तीन आठवडे अंथरुणावर होते. उठले ते निम्मे होऊन. त्यानंतर ते जेवणाबद्दल बोलेनासे झाले. मीठ कमी असो, भाजी करपलेली असो, मुकाट्यानं जेवायचे. मला वाटलं, आजारानं माणूस मऊ झाला. मी गावी आईला तसं लिहिलंही होतं, की नाना आता फार शांत झाले आहेत. आज ते वाक्य आठवलं की मान खाली जाते. एखाद्याच्या दारावर कुलूप लागावं आणि आपण म्हणावं, काय छान शांतता आहे!

त्या हिवाळ्यात पहिल्या रविवारी नानांनी मला बरोबर चल म्हटलं. "ग्रॅज्युएट होणार तू. चार लोकांत उभं राहायला शीक." झाडाखाली त्यांनी मला आपल्या शेजारी उभं केलं. त्यांच्या ओंजळीनंतर भीखाभाईंनी माझ्या ओंजळीत ओतलं. "आमचे सायन्सवाले," नाना लोकांना म्हणाले, "यांचीही परीक्षा होऊ दे." लोक हसले. मी घोट घेतला. गार, किंचित धुरकट, ओल्या नारळासारखी गोड. मी मान हलवली. मग नाना म्हणाले, "गोड!" दुसऱ्या रविवारी तसंच. तिसऱ्या, चौथ्याही. मी मान हलवायचो, मग नाना बोलायचे. हा क्रम बदललाय हे माझ्या लक्षात आलं नाही. एवढ्या लोकांसमोर आपल्याला मान मिळतोय, एवढंच मला दिसत होतं.

जानेवारीतल्या एका रविवारी आभाळ भरलेलं होतं. रात्री थंडी पडलीच नव्हती. त्या दिवशी संस्थेचे साहेब स्वतः आपले पाहुणे घेऊन आले होते. भीखाभाईंनी दोन मडकी बाजूला ठेवली होती, टाकून देण्यासाठी. भीखाभाई पलीकडच्या झाडाशी होते, तेवढ्यात अंधारात, गर्दीत, नानांनी त्यांतलंच एक पुढे ओढलं. पूर्वी ते मडक्याजवळ नुसते वाकले असते तरी नाकानं सांगितलं असतं.

नानांनी ओंजळ प्यायली. मग मी. जिभेला चुणचुणलं. आंबट, फेसाळ, आणि मागून ऊब. मी नानांकडे पाहिलं. ते माझ्याकडेच बघत होते, टक लावून. साहेब दोन पावलांवर उभे. माझ्या मनात आलं की नाना विचारताहेत, चार वर्षं माझ्या घरी जेवलास, आता साहेबांसमोर मला खोटं पाडणार का? त्यांना हे आंबट लागलं नसेल कसं, हा प्रश्न मला पडलाच नाही. मी मान हलवली. वर तोंडानंही म्हटलं, "गोड आहे."

"गोड!" नाना म्हणाले.

ग्लास फिरले. आमच्या ओळखीच्या निवृत्त शिक्षिका देशपांडेबाई पहिल्या रांगेत होत्या. त्यांनी घोट घेतला आणि पदरात थुंकल्या. "अहो नाना, ही तर चढणारी आहे! मुलांना देऊ नका!" आयांनी मुलांच्या हातांतून ग्लास हिसकले. भीखाभाई धावत आले. "नाना, आ तो फेंकी देवानी हती," ते हळू आवाजात म्हणाले. ही तर फेकायची होती. साहेबांनी आपला ग्लास जमिनीवर ठेवला, फार सावकाश, जसं काही तो फुटेल.

"साहेब, मला तर गोडच लागली," मी म्हणालो. मला अजून वाटत होतं की मी त्यांना वाचवतो आहे.

"तू गप बस," नाना म्हणाले. चार वर्षांत पहिल्यांदा.

सहल मोडली नाही. बस घाण्यावर गेली, बैल फिरत होता, धार पडत होती. नाना पळी घेऊन उभे राहिले. नेहमी त्यांच्यासमोर तळहात आपोआप पसरत. त्या दिवशी लोकांनी हात पुढे केले, थेंब घेतला, आणि प्रत्येकानं आधी स्वतः हुंगून पाहिला. काहींनी एकमेकांना विचारलं. तेल उत्तम होतं. तेलाचा रंग, बोटांतला चिकटपणा, पेंडीची ऊब यांवरून नानांना ते अजून अचूक ओळखता येत होतं. पण आता त्यांना कुणी विचारत नव्हतं. पळीतून तेल ओघळून त्यांच्या मनगटापर्यंत आलं तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

संध्याकाळी बसमधून उतरून आम्ही घराकडे चालत निघालो. नाना बाहेर शुद्ध मराठी किंवा गुजराती बोलत, पण मनातलं बोलायचं असलं की अहिराणीवर येत. पानाच्या दुकानापाशी ते थांबले.

"मनी जीभ मरी गई रे," ते म्हणाले. "तापमा गई. माले कसानीच चव लागत नही. तुनं तोंड देखीसन मी गोड सांगू. आज कसाले खोटं बोलना?"

तापात त्यांची जीभ गेली होती. माझा चेहरा बघून ते 'गोड' म्हणत होते. मी शरमेनं इतका गोठलो, की सुटायला एकच वाट दिसली. तीच वाट मी धरली.

"खोटं नाही नाना. मला खरंच गोड लागली."

"खरंच?"

"शपथ."

 त्यांनी हात वर करून माझ्या कपाळाला लावला. "ताप तं नही ना?" मी नाही म्हणालो. मला ते चमत्कारिक वाटलं. ते रागावले नाहीत याचं बरंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी नानांनी साहेबांना जाऊन स्वतःच सगळं सांगितलं. ज्याची जीभ गेली त्यानं लोकांना पाजू नये, असं म्हणाले. त्यांना संस्थेच्या साबणाच्या गोदामात बसवलं. सहली पुढच्या वर्षी बंद झाल्या. त्या आठवड्यात एकदा काकींनी वाढलेलं वरण अळणी होतं. मिठाचा कणही नव्हता. काकी परातीपाशी बसून विचारत होत्या, "कसं झालंय वरण? मीठ बरोबर आहे ना?" त्यांच्या घरी जेवणारा मी. त्या घरात मी अन्नाला कधी नाव ठेवलं नव्हतं आणि ठेवणार नव्हतो. "छान झालंय काकी," मी म्हणालो आणि आणखी मागून घेतलं. काकी उठून आत गेल्या. नानांनी ताटावरून मान वर केली नाही.

पदवीचा निकाल लागला तेव्हा मी पेढे घेऊन गोदामात गेलो. तिथं साबणाचा वास इतका, की पेढाही साबणाचा वाटावा. नानांच्या तोंडात मी पेढा घातला. त्यांनी डोळे मिटले, झाडाखाली मिटायचे तसे, आणि थांबले. "गोड शे," म्हणाले. मग विचारलं, "तुले कसा लागना?"

"गोड," मी म्हणालो. ते खरं होतं. नानांनी नुसतं माझ्या पाठीवरून हात फिरवला.

पुढच्या वर्षी नाना आणि काकी सुरत सोडून गावी गेले. मी शिक्षक झालो. दर वर्षी नववीच्या वर्गाला आंबणं शिकवतो. साखर, त्यातून काय सुटतं, काय उरतं, सगळं फळ्यावर लिहितो. एका वर्षी गुळाचं पाणी बरणीत घालून प्रयोग मांडला होता. थंडी फार होती, प्रयोग फसला, बरणीतलं पाणी तसंच गोड राहिलं. मला ते माहीत नव्हतं. मी बरणी वर्गात फिरवली आणि विचारलं, "येतोय ना आंबूस वास?" सगळ्या वर्गानं हात वर केले. "हो सर, येतोय." मग मी स्वतः हुंगलं. नुसता गूळ. पन्नास मुलं माझ्याकडे बघत होती, आदरानं. त्यांच्या चेहऱ्यांवर तो आदर इतका खरा होता, की मी बरणी झाकून फळ्याकडे वळलो. घंटा झाल्यावर प्रयोगशाळेतच बसून मी नानांना पत्र लिहिलं. गोष्ट घडल्याला सात वर्षं झाली होती.

उत्तर आलं नाही. दोन-अडीच महिन्यांनी नाना गेल्याचं कळलं. मी गावी गेलो. काकींनी मला ओसरीवर बसवलं, चहा दिला, आणि डब्यातून माझं पत्र काढून हातात ठेवलं.

"मी वाचून दाखवलं त्यांना," त्या म्हणाल्या. "सगळं ऐकलं. मग म्हणाले, शेवटचं अजून एकदाव वाच. मी वाचलं. पुन्हा वाच म्हणाले. तीनदा वाचायला लावलं. मग हसले. खूप दिवसांनी हसले रे. म्हणाले, 'पोऱ्यानी जीभ जित्ती शे.'"

मला कळेना.

"तू त्या रविवारी शपथ घेतलीस ना, गोड लागली म्हणून? त्यांना वाटलं, तुझीही गेली. एकाच घरातलं पाणी, एकाच माठातलं. तापाच्या वेळी तू त्यांच्या उशाशी बसायचास. आपल्यापायी पोराची जीभ गेली, हे त्यांच्या मनातून निघेना. मी म्हटलं, असं नसेल. म्हणून तर एक दिवस मुद्दाम वरणात मीठ घातलं नाही. आणि तू..." काकींनी पदर डोळ्यांना लावला. "तू आणखी मागून खाल्लंस."

सात वर्षं. आपली गेलेली जीभ त्यांनी एका दिवसात साहेबांसमोर कबूल केली आणि विषय संपवला. माझी न गेलेली जीभ मात्र ते सात वर्षं मनात घेऊन बसले होते. आणि मी ते ओझं त्यांच्यावर टाकलं होतं आदरापोटी, उपकाराच्या जाणिवेपोटी, चांगला मुलगा म्हणून.

पुलाजवळच्या गाडीवाल्याचा ग्लास मी शेवटी प्यायलो. त्यानं विचारलं, "मीठी छे ने?" मी थांबलो, डोळे मिटले, घशापर्यंत जाऊ दिलं, आणि मग त्याला जे होतं ते सांगितलं. थोडी आंबायला लागली होती. त्याला वाईट वाटलं. त्यानं डबा उघडून स्वतः एक घोट घेतला, मान डोलावली, आणि झाकण लावून गाडी वळवली.

ते पत्र माझ्याजवळ आहे. जसं आहे तसं उतरवतो.

तीर्थरूप नाना यांस,
शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

मी सुखरूप आहे. शाळा बरी चालली आहे. काकींच्या गुडघ्यांना आता कसं आहे ते कळवावं. इथं थंडी चांगली पडली आहे. शनिवारी चलथाणच्या बाजूला जाणं झालं. भीखाभाई भेटले. ते आता झाडावर चढत नाहीत, मुलगा चढतो. तुमची आठवण काढत होते.

नाना, एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहून गेली आहे. त्या रविवारी मी तुम्हाला आणि साहेबांना खोटं सांगितलं. पानाच्या दुकानापाशी तुम्ही विचारलंत तेव्हाही खोटंच सांगितलं, आणि खोटी शपथ घेतली. तुम्ही मला खरं सांगण्यासाठी शेजारी उभं केलं होतं, हे मला नंतर कळलं. मला वाटलं होतं की हो म्हणणं म्हणजे मान देणं. तुमच्या घरात मला सगळं मिळालं, म्हणून तुमच्या घरात मी कशालाच कधी नाही म्हटलं नाही. ही माझी मोठी चूक झाली. तुम्ही मला रागावला असतात तर बरं झालं असतं.

क्षमा मागण्याइतकी माझी लायकी नाही. फक्त खरं तेवढं लिहून पाठवतो. ती नीरा आंबट होती, नाना. पहिल्या थेंबालाच मला कळलं होतं. आणि त्याच आठवड्यात एक दिवस काकींच्या वरणात मीठ नव्हतं, तेही कळलं होतं.

तुमचा,
भास्कर